तळेबागेची पिवळी माती

खांबेगावच्या तळेबागेत तळे नाही. परगावचा माणूस बागेत शिरला की आधी तळे कुठे आहे हेच विचारतो, आणि फाटकावरचा शेंगदाणेवाला नुसते आत बोट दाखवतो. आत हिरवळ आहे, घसरगुंडी आहे, संध्याकाळी हात हलवत चालणारी पेन्शनर मंडळी आहेत, आणि अगदी मधोमध लोखंडी कठडा घातलेला एक खड्डा आहे. बैलगाडी जेमतेम आडवी राहील एवढाच. नगरपालिकेने मागे एकदा त्यात सिमेंट ओतून कारंजे बसवले होते. उद्घाटनाला पाणी उडाले, फोटो निघाले, आणि मांडवाचे बांबू सुटायच्या आत सगळे पाणी खाली निघून गेले. तडा कुठे गेला ते कुणालाच सापडले नाही.

खड्ड्याच्या अलीकडे जुन्या जकात नाक्याची कौलारू इमारत आहे, तिच्यात शहराचे इतिहास संग्रहालय आहे. तलवारी, गंजलेली कुलपे, फुटक्या मूर्ती, असते तेच सगळे आहे. पण दारातच उजव्या हाताला एक दगडी डोणी ठेवली आहे, गुरांना पाणी पाजायची असते तशी, आणि तिच्यात पाण्याऐवजी माती असते. येणाऱ्याने घरून आणलेली चिमूटभर माती त्या डोणीत टाकायची, ही इथली रीत. टाकताना हात जोडायचे नाहीत आणि मनात काही मागायचे नाही. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी डोणीतली माती नेऊन त्या खड्ड्यात ओततात. परगावच्यांना ही रीत कुठून ठाऊक असणार? ते पायऱ्यांशेजारच्या गुलाबाच्या वाफ्यातून माती उचलतात. त्यामुळे वाफ्याच्या कडेला कायम खळगा पडलेला असतो आणि बागेचा माळी कायम चिडलेला असतो.

तिकीट फाडणे आणि ही गोष्ट सांगणे, दोन्ही कामे काशिनाथ जंगम करतात. लहानथोर सगळे त्यांना जंगमकाका म्हणतात. त्या दिवशी दुपारी निवृत्त शिक्षकांची एक सहल आली होती. त्यांच्यात मिसळून, पण त्यांच्यातली नसलेली, एक बाई आत आली. तिची सोळा-सतरा वर्षांची मुलगी बाहेर बाकावर बसून राहिली होती, डोक्याला रुमाल घट्ट बांधून. पायऱ्या चढवत नाहीत तिला, असे बाईने कुणी न विचारता सांगितले. जंगमकाकांनी सगळ्यांना काचेच्या कपाटातल्या एका पिवळसर माठापुढे उभे केले आणि रोजच्या संथ आवाजात सांगायला सुरुवात केली. ते सांगतात ती हकिगत अशी.

फार मागे, असे सांगतात, इथे खरोखर तळे होते. पाऊस कितीही रुसला तरी ते तळे आटत नसे. तळ्याच्या पोटात शेंदूर फासलेले सात दगड होते, ते आसरांचे ठाणे. आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की ते दगड उघडे पडत, आणि मग घरटी एक माणूस तळ्यात उतरून गाळ काढी. गावाचा देवधर्म म्हणजे हाच. कुणी आसरांना कोंबडे बोलत नसे की नारळ बोलत नसे. नवस बोलायचा तो गाळाचा. एवढे काम होऊ दे बायांनो, तुमचा गाळ काढीन, म्हटले की झाले.

त्याला नियम एकच होता. काळे दिसेल तेवढे काढायचे, पिवळे दिसले की हात आखडायचा. काळी माती म्हणजे गाळ, आणि तिच्याखाली पिवळी चिकणमाती, ती आसरांच्या अंथरुणाची. तिला हात लावायचा नाही, असे म्हातारी माणसे सांगत. का लावायचा नाही, ते मात्र कुणी सांगत नव्हते. सांगायची गरजच कुणाला कधी वाटली नसावी, आणि घात झाला तो तिथेच.

कुंभारवाड्यात रखमाजी कुंभार होता, त्याची बायको गोजरा. गोजराची दोन मुले पाळण्यातच गेली होती. तिसरी मुलगी झाली तेव्हा दृष्ट लागू नये, देवाच्या नजरेत भरू नये म्हणून तिचे नाव ठेवले धोंडाई. नाव धोंडाई, पण पोर मोठी गोड होती म्हणे. आईच्या मागे मागे चाकापाशी बसायची आणि ओल्या मातीची एवढीएवढीशी चूल, एवढासा तवा करत राहायची. गोजराचा सगळा जीव तिच्यात होता. दोन गेली होती ना, त्यांचाही वाटा हिच्याच वाट्याला आला होता.

एका उन्हाळ्यात धोंडाईला ताप भरला. काढे झाले, अंगारे झाले, मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. ताप उतरेना. पोरगी वाळून अंथरुणाला मिळाली. वैद्याने एक दिवस नाडी धरली, सोडली, आणि रखमाजीला अंगणात बोलावून घेतले. आत गोजराला काय कळायचे ते कळले. ती तशीच उठली, तळ्यात उतरली आणि आसरांच्या दगडांपुढे पदर पसरून बसली.

"बायांनो, माझी पोर उठून चालू लागूस्तवर तुमच्या पायापासला गाळ काढीन. रोज पहाटं काढीन. दोन नेली, तवा मी काय बोलले नाय. ही ठेवा."

आणि दुसऱ्या दिवसापासून तिने सुरुवात केली. उजाडायच्या आत पाटी घेऊन जायचे, दगडांपुढचा गाळ भरायचा, डोक्यावर चुंबळ ठेवून पाटी बांधावर नेऊन टाकायची आणि पळत घरी येऊन पोरीच्या कपाळाला हात लावून बघायचे. कपाळ रोज तसेच तापलेले असे. दुसरी एखादी असती तर नवसावरून तिचे मन उडाले असते. पण गोजराला दुसरे काही करण्यासारखे उरलेच नव्हते.

अशी ती रोज एकाच जागेवरून उकरत होती, आणि एका पहाटे पाटी अर्धीच भरली असताना फावड्याखाली पिवळे लागले. दोन हात पलीकडे काळा गाळ होताच की! तिथून पाटी भरली असती तर कोण विचारणार होते? पण तिने बोललेला नवस पायापासच्या गाळाचा होता. पलीकडचा गाळ चालेल का? अर्धी पाटी नेली तर नवस मोडेल का? ती तिथेच उकिडवी बसून राहिली. घरून निघताना पोरीने तिला ओळखले नव्हते. डोळे उघडे होते, पण आईच्या तोंडावर ठरत नव्हते.

तिने हात घातला. कुंभाराच्या घरातली बाई ती, मातीत जन्म गेला होता तिचा, पण असली माती तिच्या हाताला कधी लागली नव्हती. लोण्यासारखी मऊ आणि गार. तिने पाटी भरली, आसरांकडे न बघता उचलली, आणि ती बांधावर टाकायची सोडून तशीच घरी घेऊन आली. ती दारात पोचते न पोचते तोच आतून आवाज आला, "आये, पानी."

गोजरा पाटीसकट उंबऱ्यातच बसली. रडावे की हसावे हे तिला कळेना. रखमाजीने पाटीतली माती बोटांत चोळून पाहिली.

"कुठली गं ही?"

"आसरांपुढली."

त्याने पाटी उचलली. मग चाकापाशी गेला आणि त्याच मातीचा त्याने एक माठ घडवला. तो माठ आव्यात भाजून निघाला तेव्हा धोंडाई भिंतीला टेकून बसू लागली होती. त्या माठातले पाणी पोर घटाघटा प्यायली. पाझर नाही, चीर नाही, असा माठ गावाने पाहिला नव्हता. कपाटातला हा माठ तोच, असे जंगमकाका सांगतात.

धोंडाई बसती झाली, पण चालत नव्हती. म्हणून नवस सुरूच होता. गोजरा रोज पहाटे पिवळ्याची पाटी काढत राहिली. आता मात्र ती एकटी नव्हती. बातमी गावभर झाली होती. पिवळ्याने गुण येतो. काळे काढून काढून आजे-पणजे गेले, आसरांना हवे होते ते पिवळेच! कुणाची सून वांझ ठरली होती, कुणाचा मुलगा लष्कराबरोबर गेला तो परतला नव्हता, कुणाच्या डोळ्यांत फूल पडले होते. वाईट मनाचा त्यात एकही नव्हता. सगळे आसरांपुढच्या त्याच खड्ड्याशी पाट्या घेऊन येऊ लागले. माती टाकवत कुणालाच नव्हती, इतकी ती देखणी होती. कुणी तिने भिंती लिंपल्या, कुणी तुळशीवृंदावन केले, कुंभारांनी माठ आणि रांजण घडवले.

आपण हे थांबवायला हवे, असे गोजराला कधी कधी वाटे. पण तिच्या लेकीला मिळाले ते दुसऱ्याच्या लेकीला मिळू नये, असे ती कोणत्या तोंडाने सांगणार? ती खाली मान घालून आपली पाटी भरे आणि घरी जाई. धोंडाई धरून धरून चालू लागली तोवर तो खड्डा माणूसभर खोल झाला होता.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला म्हणे. तळे नेहमीसारखे घाटाच्या वरच्या पायरीपर्यंत भरले आणि लोक निर्धास्त झाले. मग नवरात्रात बायका घागरी घेऊन गेल्या तर पाणी पायरीखाली गेलेले. रोज एकेक पायरी उघडी पडू लागली. भर दुपारी सात दगडांच्या जागेवर पाणी गरगर फिरताना दिसे, आणि कान दिला तर कुणीतरी मोठे घोट घेत असल्यासारखा आवाज येई. ते पाणी कुठे गेले ते आजवर कुणाला कळलेले नाही. दिवाळीत तळ्याच्या तळाशी म्हशी फिरत होत्या. खड्ड्याच्या बुडाशी पिवळे नव्हतेच उरले, नुसता भेगाळ खडक होता. तळे ज्या अंथरुणावर निजले होते ते गावाने पाटीपाटीने घरी नेले होते.

तळ्यामागोमाग आसपासच्या विहिरीही आटल्या. पहिल्यांदा कुणी गोजराचे नाव घेतले नाही. मग बायका तिला पाहून गप्प होऊ लागल्या. एक दिवस शिदोजी पाटील स्वतः कुंभारवाड्यात आला. चांगला माणूस होता तो. त्याने स्वतःही नातवासाठी पाटी काढली होती.

"गोजरा, तुला कुनी काय म्हनत नाय," तो म्हणाला. "पर आसरा रुसल्यात."

"कळतंय मला, पाटील," ती म्हणाली. "मी जाते."

कुणी तिला ओढत नेले नाही, हे जंगमकाका दर वेळी आवर्जून सांगतात. ती आपल्या पायांनी गेली. न्हाली, हिरवे लुगडे नेसली, कपाळभर कुंकू लावले, आणि त्या खड्ड्यात उतरून खडकावर आडवी झाली. सगळे गाव बांधावर उभे होते. दुसऱ्या गावांच्या गोष्टी आपण ऐकलेल्या आहेत. बळी पडतो, धरणी पोटात घेते, आणि झुळझुळ पाणी येते. गोजरानेही त्या ऐकल्या होत्या. ती डोळे मिटून म्हणत होती, घ्या बायांनो, मला घ्या, आता घ्या.

आसरांनी तिला घेतले नाही. सकाळची दुपार झाली. ऊन तोंडावर आले, तरी तिने तोंड फिरवले नाही. दुपारची संध्याकाळ झाली. बांधावरची माणसे एकेक करून घरी गेली, कारण गुरे परतायची वेळ झाली होती. खडक कोरडा तो कोरडाच. शेवटी कुणीतरी तिच्या खांद्याला हात लावला. तिने आशेने डोळे उघडले, तर धोंडाई होती. आईला शोधत, आपल्या पायांनी चालत ती खड्ड्यात उतरली होती.

"आये, भूक लागली."

गोजरा उठली. लुगडे झटकले. पोरीला कडेवर घेऊन ती गावातून घरी गेली, तेव्हा माणसे दारादारांत उभी राहून बघत होती. मेली असती तर गावाने तिची देवी केली असती. जिवंत परतलेल्या गोजराला कुठे ठेवावे, हे गावाला कळेना. तिलाही कळेना.

मग तिने एकच धरले. घेतली तेवढी माती परत टाकायची. ती दारोदार जाऊन माती मागू लागली. लोकांनी भिंतींचे पोपडे दिले, वृंदावने फोडून दिली. पण बहुतेक माती कुंभारवाड्यात गेली होती आणि तिचे माठ, रांजण झाले होते. गोजराने ते मागून आणले, फोडले, उखळात घालून कुटले, पाण्याविना कोरडेच खड्ड्यात टाकले. भाजलेली माती पुन्हा माती होत नाही, तिला चिकटा येत नाही, हे कुंभारणीला कुणी सांगायला नको होते. ती कुटत राहिली.

गाव उठू लागले. ज्याला जिकडे सोयरे होते तिकडे तो गेला. रखमाजीने जमेल तितके थांबून पाहिले, आणि एका सकाळी गाडी जुंपली. चाक गाडीत चढवले, गोधड्या आणि तो माठ चढवला, पोरीला वर बसवले. गाडी तळ्याच्या बांधावर आणून त्याने बायकोला हाक मारली.

"चल गं. इथं काय उरलंय आता? पोरीला प्यायला घोटभर पानी नाय. जिच्यापायी केलंस तिच्यासंगं तरी चल."

गोजरा खड्ड्यात उभी होती, डोक्यावर पाटी. धोंडाईने गाडीतून हात पुढे केले. "आये, चल ना."

"तू हो म्होरं," गोजरा म्हणाली. "एवढी पाटी टाकून येते."

रखमाजी बराच वेळ थांबला. ती एक पाटी टाकून दुसरी भरायला लागली तेव्हा त्याने बैलांना चुचकारले. गाडी वळणाआड जाईपर्यंत पोरीची हाक ऐकू येत होती, असे सांगतात. गोजराने वर पाहिले की नाही, ते कुणी सांगत नाही. सांगायला तिथे उरलेच कोण होते?

पुष्कळ वर्षांनी दूरच्या नदीचे पाणी पाटाने इकडे आले आणि गाव पुन्हा वसले. तेव्हा एक उतारवयाची बाई आली. तिच्याजवळ एक पिवळसर माठ होता. खड्ड्यापाशी तिला एक कुजकी पाटी आणि एक उखळ सापडले, बाकी काही नाही. खड्डा जवळजवळ होता तेवढाच होता. लोक जमले. कुणी म्हणाले, आसरांना काही बोला, तुमच्या आईसाठी मागा. धोंडाईने चिमूटभर माती उचलली आणि खड्ड्यात टाकली.

"मागून काय झालं ते मी बघितलंय," ती म्हणाली. "टाकायचं. मागायचं नाय."

तेव्हापासून ही रीत पडली, असे म्हणतात.

जंगमकाका इथे थांबतात. शिक्षक मंडळींनी मान डोलावली, एकाने चष्मा पुसला, कुणी माठ किती जुना असेल ते विचारले. काकांना ते ठाऊक नव्हते. मग सगळे बाहेर आले, एकेकाने गुलाबाच्या वाफ्यातून चिमूट उचलली आणि डोणीत टाकली. काका शेजारी उभे होते. पूर्वी ते माती टाकणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत आणि कुणाचे ओठ हलले की टोकत. आता ते टोकत नाहीत. ओठ सगळ्यांचेच हलतात.

शेवटी ती एकटी बाई आली. तिने माती टाकली आणि तिथेच उभी राहिली.

"मी काही मागितलं नाही हं," ती म्हणाली. मग हाताची माती झटकत म्हणाली, "काका, थोडी जास्त टाकली तर चालते का?"

काकांनी बाकाकडे पाहिले. रुमाल बांधलेली मुलगी मान मागे टाकून डोळे मिटून बसली होती. नाही म्हणायचे त्यांच्या अगदी तोंडावर आले होते.

"टाका," ते म्हणाले.

आजही त्या कठड्यातला खड्डा होता तेवढाच आहे. आजही आषाढात त्यात पाणी साचते आणि सकाळी पाहावे तर गेलेले असते. माती रोज पडते, आणि कुणी काही मागत नाही, असे सगळे म्हणतात.

बाई पायऱ्या उतरून वाफ्यापाशी गेली. पदर कमरेला खोचून खाली बसली आणि दोन्ही हातांनी खळग्यातली माती काढू लागली. ओंजळ डोणीत टाकून आली, पुन्हा बसली. खळगा कोपरापर्यंत खोल झाला.

"आई, चल ना गं," बाकावरून मुलगी म्हणाली.

"हो, आलेच," बाई मान वर न करता म्हणाली. "एवढी टाकून येते."